सेकंडहँड वॅगनआर, २०१४ चं मॉडेल: एकवीस महिन्यांनंतर

आईला बसवून बघितल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. भावाची गाडी खाली बसकी. तिच्यात बसायचं म्हणजे आई आधी पाठमोरी होऊन टेकायची, मग आम्ही तिचे पाय एकेक करून उचलून आत घ्यायचो. उतरताना दोघांनी दोन हात धरायचे. महिन्यातून दोनदा मिरजेला डॉक्टरांकडे जायचं आणि दर खेपेला तिचं एकच, ‘नको गं बाई आता, राहू दे.’

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी २०१४ ची वॅगनआर व्हीएक्सआय घेतली, दोन लाख पंचेचाळीस हजारांना. तेव्हा मीटरवर ७१,४०० किलोमीटर होते, आज ८८,९०० आहेत. सांगलीत विश्रामबागला माझं शिलाईचं काम आहे. आठवड्याला इचलकरंजीहून कापड आणायचं, आईचं मिरज, आणि वर्षातून तीन-चार वेळा पुणे, एवढा माझा वापर. गाडी चालवायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले, त्यामुळे इंजिनातलं मला आधी काहीच कळत नव्हतं. जे कळलं ते गॅरेजच्या मामांमुळे आणि दोन महिन्यांत अकरा गाड्या बघितल्यामुळे.

पैसे तीन लाख होते. अर्धे भिशीचे, अर्धे साठवलेले. कर्ज काढायचं नव्हतं, कारण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त लागतं. मामांना आकडा सांगितला तर ते पहिल्यांदा हेच म्हणाले, ‘ताई, तीन लाख असतील तर अडीचची गाडी बघा. वरचे पन्नास ती मागनं खातीच.’ त्या वेळी मला हे जरा जास्त वाटलं होतं. पुढे खर्चाचे आकडे दिलेत, ते बघा.

सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याला एक भीती असतेच, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभाग, सांगलीवाडी, शामरावनगर इथे लोकांच्या दारातल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. त्या गाड्यांचं काय झालं? काहींचे विमा कंपन्यांनी पूर्ण पैसे दिले आणि गाड्या लिलावात काढल्या. त्या कुणीतरी घेतल्या, धुतल्या, सीट कव्हर घातलं, आणि त्या पुन्हा बाजारात आल्या. इथे नाही तर दुसऱ्या जिल्ह्यात.

आम्ही बघितलेली चौथी गाडी अशीच निघाली. २०१६ ची लाल हॅचबॅक, एका ऑटो कन्सल्टंटकडे उभी. किंमत दोन तीस. रंग असा चमकत होता की मी मनातल्या मनात तिच्यात कापडाचे गठ्ठेसुद्धा ठेवून झाले होते. आत अत्तराचा वास. मामांनी बॉनेट उघडलंच नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. आपण लावताना ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, आतली गुंडाळी संपेपर्यंत. पट्ट्याचा वरचा भाग काळाभोर, धुतलेला. शेवटची वीतभर मात्र तपकिरी. आडवी रेघ, आणि त्या रेघेखाली पट्टा हाताला कडक लागत होता, खळ दिलेल्या कापडासारखा. मी रोज कापड हाताळते, मला तो स्पर्श लगेच कळला. गाळ वाळल्यावर कापड असंच होतं.

मग त्यांनी डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचललं आणि खालच्या पत्र्याच्या घडीत बोट फिरवलं. बोटावर मऊ, पिठासारखी माती आली. ड्रायव्हर सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले होते. सात-आठ वर्षांच्या गाडीत, आतल्या बाजूला, गंज यायचं कारण नाही. कन्सल्टंट म्हणाला, पावसात काच उघडी राहिली होती एकदा. मामांनी पट्टा सावकाश आत सोडला, दार लावलं आणि मला म्हणाले, ‘चला ताई.’

घरी येताना त्यांनी समजावलं. पाण्यात राहिलेल्या गाडीचं इंजिन उघडून नीट करता येतं. वायरिंगचं तसं नाही. सीटखालून, गालिच्याखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांमध्ये हिरवट थर धरतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी त्रास द्यायला लागतो. आज काच खाली होत नाही, उद्या गाडी सुरूच होत नाही, आणि कारण सापडत नाही. तेव्हापासून मी कुठलीही गाडी बघायला गेले की आधी पट्टा ओढते. पट्टासुद्धा बदलून टाकणारे असतील, पण सगळं बदलायला खर्च येतो आणि खर्च वाचवण्यासाठीच तर ती गाडी त्यांनी घेतलेली असते.

मीटर मागे फिरवण्याचा प्रकारही बघितला. २०१५ ची गाडी, मीटरवर ४२ हजार. पण क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचा वरचा भाग हातांच्या घामाने तुळतुळीत. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरावरून सर्व्हिसच्या नोंदी मिळतात, मालकाने परवानगी दिली तर. त्या गाडीच्या नोंदी काढायला मालकाने आधी चालढकल केली, मग काढल्या. २०२१ मध्येच ती ७८ हजारांवर सर्व्हिसला गेली होती.

स्विफ्ट मला खूप आवडली होती, हे मोकळेपणाने सांगते. चालवायला सुरेख, दिसायला सुरेख. पण तेवढ्याच वयाची आणि तेवढीच पळालेली गाडी साठ-सत्तर हजारांनी महाग मिळत होती. विम्यातही फरक पडतो. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. मी घेतली तेव्हा १००० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि त्यावरच्या, १५०० पर्यंतच्या गाडीला ३,४१६, वर जीएसटी वेगळा. वॅगनआरचं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणजे रेघेच्या अलीकडे, स्विफ्टचं पलीकडे. आणि स्विफ्टमध्ये आईला बसवून बघितलं, तर तिचा चेहराच सगळं सांगत होता.

आता माझी गाडी. मिरजेतले एक निवृत्त गृहस्थ, पहिले मालक. त्यांना आता रात्रीचं नीट दिसत नाही म्हणून विकायची होती. त्यांनी गाडीच्या आधी फाइल दाखवली. २०१४ च्या जूनपासूनची सर्व्हिसची बिलं, तारखेप्रमाणे पंच केलेली, प्रत्येकावर पेनने किलोमीटर लिहिलेले. मामांनी फाइल दोन मिनिटं चाळली आणि पुढची तपासणी एरवीपेक्षा निवांत केली. गाडी कशी वापरली गेली ते तिथेच अर्धं कळलं होतं.

तरी तपासणी पूर्ण झाली. आम्ही सकाळी सातला गेलो होतो. निघण्याआधी फोन करा, पण गाडी सुरू करून ठेवू नका एवढं सांगा, असा मामांचा नियम. बॉनेटवर हात ठेवून गार आहे का बघायचं, मगच चावी फिरवायची. गार इंजिन पहिल्या फेरीत सुरू झालं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं, आतून धुराचा झोत आला नाही. चारही दारांचं रबरी बीडिंग ओढून खालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके बघितले. कंपनीत पडलेले ठिपके सारख्या अंतरावर आणि स्वच्छ असतात, अपघातानंतर पत्रा बदलला की ते नाहीसे होतात किंवा वेडेवाकडे दिसतात. डावीकडच्या मागच्या दाराला नंतर रंग दिलेला होता, ठिपके मात्र जागेवर. म्हणजे ओरखडा होता, धडक नव्हती. मालकांनी विचारायच्या आत सांगितलं, फाटकाला घासली होती.

पूर्ण स्टिअरिंग वळवून मैदानात गोल फिरवली, चाकातून टकटक आवाज नाही. क्लच मात्र वर सुटत होता, म्हणजे झिजलेला होता. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर २४१७. म्हणजे २०१७ च्या चोविसाव्या आठवड्यातले. नक्षी दिसायला बरी होती, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. सात वर्षांच्या टायरवर आईला घेऊन महामार्गावर जायचं नाही, हे तिथेच ठरलं.

मग आईला बोलावलं. ती रिक्षाने आली होती, भावाबरोबर, बाजूला उभी होती. तिने दार उघडलं, वळली, टेकली आणि पाय स्वतःच आत घेतले. कुणी हात लावला नाही. वॅगनआरची सीट साधारण घरच्या खुर्चीच्या उंचीवर येते आणि वर डोकं वाकवावं लागत नाही. आई आत बसून म्हणाली, ‘एवढंच?’

मालकांची किंमत दोन पंच्याहत्तर होती. टायर, क्लच आणि बॅटरी यांचा खर्च मामांनी कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, एकदा बायकोकडे बघितलं आणि दोन पंचेचाळीसला हो म्हणाले. घासाघीस अशी झालीच नाही.

घेतल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत लागलेले पैसे असे. चार टायर १४,८००. बॅटरी ४,२००. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, मजुरीसकट ६,९००. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट ३,४००. सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ३,१००. आरटीओचं सगळं मिळून ३,५००. विमा नावावर करताना ३,६००, त्यात नो क्लेम बोनसचा फरक आला. हे मला माहीत नव्हतं: तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाला मिळालेली सूट आपल्याकडे येत नाही, ती विमा कंपनी आपल्याकडून वसूल करते. मामांची तपासणीची फी हजार रुपये, अकरा गाड्यांची मिळून, आणि तेही मी बळेच दिले. बेरीज ४०,५००. गाडी पडली २,८५,५०० ला. मामांचा पन्नासचा आकडा जवळपास खरा ठरला म्हणायचा.

कागदांच्या बाबतीत मी हट्टी राहिले आणि त्याचं समाधान आहे. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, ई-चलन थकलेलं नाही ना, हे टोकन देण्याआधी बघितलं. एक चलन होतं, नो पार्किंगचं, ते मालकांनी माझ्यासमोर भरलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या त्याच दिवशी मी उरलेली रक्कम बँकेतून दिली, रोख नाही. विमा नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते, ती कित्येक जण विसरतात. गाडी आपल्या ताब्यात आणि विमा दुसऱ्याच्या नावावर अशा स्थितीत काही झालं तर भांडत बसावं लागतं. नंतर २०२५ मध्ये नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली, ७४५ रुपये आणि जीएसटी. तुम्ही बघत असलेल्या २०१९ च्या आधीच्या गाडीला ती बसलेली आहे का, हेही विचारा.

आता रोजच्या वापराचं. इंजिन तीन सिलिंडरचं आहे. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते, ती सवयीची होते. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलायचा मोठा खर्च नाही. सांगलीच्या गर्दीत एसीसह लिटरला साडेपंधरा मिळतात, पुण्याला जाऊन येताना एकोणीस. टाकी पस्तीस लिटरची. पार्टसाठी कुठे वणवण करावी लागत नाही. इचलकरंजीत एकदा संध्याकाळी बल्ब गेला, तो समोरच्याच दुकानात मिळाला. एकवीस महिन्यांत दोन सर्व्हिसिंग झाली, ४,१०० आणि ३,६००, आणि एप्रिलमध्ये एसीचा कंडेन्सर गळायला लागला म्हणून बदलला, ५,८००. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही.

गाडी उंच असल्यामुळे पुढचं सगळं दिसतं. उशिरा शिकलेल्या माणसाला याचा किती आधार असतो ते मीच जाणते. गल्लीत वळवताना नाक कुठे संपतं याचा अंदाज लगेच येतो. डिकी लहान आहे, १८० लिटरची, दोन मध्यम बॅगा म्हणजे संपली. पण मागची सीट आडवी केली की माझे कापडाचे सहा गठ्ठे उभे राहतात, आणि छत उंच असल्याने ते एकावर एक रचता येतात. पुढच्या सीटखाली ओढायचा कप्पा आहे. त्यात आईच्या औषधांची पिशवी आणि एक्स-रेचे रिपोर्ट कायम असतात.

उणं सांगायचं तर महामार्ग. पेठ नाक्यावरून पुढे ऐंशी-नव्वदपर्यंत गाडी छान चालते. त्यावर गेलं आणि बाजूने मोठा कंटेनर गेला की ती हलते, उंची जास्त आणि वजन कमी म्हणून. खंबाटकीच्या घाटात पाच माणसं आणि सामान असेल तर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि चढ संपेपर्यंत एसी बंद ठेवलेला बरा. ज्याला रोज महामार्गावर शंभरने जायचं आहे त्याने ही गाडी घेऊ नये.

आणि एक गोष्ट मला आजही खटकते. हिला एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) नाही. २०१४ मध्ये व्हीएक्सआयमध्ये त्या ऐच्छिक होत्या, पैसे वाचवायला बहुतेकांनी घेतल्या नाहीत. चालकाची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. म्हणजे तीन लाखांच्या आतल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या. मी शोधत होते तेव्हा एअरबॅगवाली एकच वॅगनआर दिसली, कोल्हापूरला, आणि आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी आणखी दोन महिने थांबेन आणि तीच शोधेन. सध्या पुण्याला जाताना ऐंशीच्या वर जात नाही, आणि मागे बसणाऱ्यानेसुद्धा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नाही. भाचे कुरकुरतात, कुरकुरू देत.

आता घेणाऱ्यांनी किमतीकडे नीट लक्ष द्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. साहजिकच जुन्यांच्याही उतरायला हव्यात, पण कित्येक जण अजून आधीचेच आकडे सांगतात. जाण्याआधी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत कागदावर लिहून न्या. आणि पंधरा वर्षांचं पासिंग कधी संपतं तेही बघा. माझ्या गाडीचं जून २०२९ मध्ये संपेल, नूतनीकरणाची फी पाच हजार आणि पर्यावरण कर वेगळा. २०११ ची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त दिसते ती एवढ्याचसाठी.

परवाच्या रविवारी मैत्रिणीसाठी जयसिंगपूरला २०१३ ची आय-टेन बघायला गेलो होतो. मी आधी पट्टा ओढला, शेवटपर्यंत. स्वच्छ होता, मऊ. स्टेपनीखाली माती नाही. इंजिन गार असताना नीट सुरू झालं, मामांनाही पसंत पडली. फक्त आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय. कर्ज फिटल्याचं पत्र मालकाने दाखवलं, पण फॉर्म ३५ देऊन नोंद कमी केलेली नाही. मैत्रीण तिथल्या तिथे टोकन द्यायला निघाली होती, मी तिचा हात धरला. नोंद कमी झाल्याचं ऑनलाइन दिसलं की दुसऱ्या दिवशी पैसे द्यायचे असं मालकांशी ठरलंय. ते या आठवड्यात आरटीओत जाणार आहेत.